एका पायावर

चव्वेचाळीस वर्षं मी हाडं काढली.
कॉड माशाची, वार्डोच्या कारखान्यात,
सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून.
बोट फिरवलं की कळायचं
आत कुठे काटा राहिलाय.
फोरमन म्हणायचा, आसलौग हाडाची कामगार आहे.
स्वतःचं एकही हाड मात्र
मी कधी चाचपून पाहिलं नाही.

पहिल्यांदा मनगट गेलं.
धड पडलेही नव्हते,
बसथांब्यावर तोल गेला, हात टेकला, एवढंच.
प्लास्टर घातलं, काढलं.
एवढ्याशाने कसं मोडलं
हे दवाखान्यात कुणी विचारलं नाही,
मीही नाही.
बर्फच तो, म्हणालो सगळे.
इथे सगळं बर्फाच्याच नावावर खपतं.

मग तोर्ब्यर्ग.
ती बर्फावर नाही,
स्वतः विणलेल्या गालिच्यावर पडली,
फ्रीज आणि टेबलाच्या मध्ये.
नऊ तास.
मी रविवारचा केक घेऊन गेले
तर जमिनीवरूनच म्हणाली, आधी कॉफी ठेव.
खुब्यात खिळा बसवला.
चालली ती पुन्हा, दारापर्यंत.
पोस्टापर्यंत नाही.
मे महिन्यात गेली,
सूर्य मावळायचा थांबतो त्या आठवड्यात.
दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलंय.
लिहू देत.
गालिचा तिच्या मुलाने मला आणून दिला.

जानेवारीत पुष्पवतीची मुलगी आली.
तिची आई एकोणीस वर्षं पट्ट्यावर माझ्या शेजारी होती,
श्रीलंकेहून आलेली,
एकावर एक दोन टोप्या घालायची.
मुलगी आता नर्स आहे.
तिने विचारलं, तुमची उंची किती होती?
होती!
एकशे सदुसष्ट, मी म्हटलं, पासपोर्टवर आहे.
तिने भिंतीला टेकून उभं केलं,
डोक्यावर पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवलं, पेन्सिलीने रेघ मारली.
एकशे बासष्ट.

मला वाटत होतं
वरचं फडताळच उंच झालंय.

पाठीतले मणके दबत गेले, म्हणाली,
आवाज न करता.
तिच्याकडच्या चित्रात हाड होतं, आतून कापलेलं,
आणि मला ते लगेच ओळखू आलं.
जाळं.
भोकं मोठी झालेलं जुनं जाळं,
ज्यातून वीतभर मासासुद्धा निसटेल.
बाबा असलं जाळं टाकून देत नसत,
हिवाळाभर चुलीपाशी बसून सांधत.

आता सोमवारी सकाळी एक गोळी,
पेलाभर पाण्याबरोबर,
आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही.
अंधारच असतो.
वाळू टाकणारी गाडी पिवळा दिवा फिरवत टेकडी चढते,
मी खुर्चीत ताठ बसून
तिच्यामागे रस्ता खरबरीत होताना बघते.
बुटांखाली खिळ्यांचे पट्टे लावते.
दुकानातल्या फरशीवर ते खटखट वाजतात,
एकोणऐंशी वर्षांची घोडी आली म्हणून
लोक वळून बघतात. बघोत.

गालिच्यावरून मात्र आमचं वाजलं.
उचला तो, ती म्हणाली.
नाही, मी म्हटलं. ती गेल्यावर म्हटलं,
तिच्या तोंडावर नाही.
तीन दिवस त्याच्या कडेकडेने चालले,
जसं कुणी झोपलेलं असावं.
चौथ्या दिवशी गुंडाळला, मासेमारीच्या दोरीने बांधला,
कोपऱ्यात उभा केला.
माझ्या खांद्याएवढा आहे.
तोर्ब्यर्गही तेवढीच होती, शेवटी शेवटी.

तर हल्ली कॉफी उकळेपर्यंत
ओट्याची कड दोन बोटांनी धरून
आम्ही दोघी उभ्या असतो.
बाहेर कठड्यावर एक सीगल
तसाच उभा, पोटात पाय घेऊन,
त्याला कुणी शिकवलेलं नाही.
शुक्रवारी फोन येतो, करताय ना?
एका पायावर तयार, मी म्हणते.
उजव्यावर अकरा सेकंद. मंगळवारी नऊ होते.
डावा अजून
खोटं बोलतो.